भिंतीपलीकडची आक्का

माझ्या थोरल्या जावेला आता एकटीनं निभत नाही, हे सगळ्यात आधी मला कळलं. तिच्या मुलाच्या आधी, सुनेच्या आधी, गल्लीतल्या बायकांच्या आधी. याचं श्रेय मायेला देऊ नका. अठरा वर्षं आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो, आणि त्या अठरा वर्षांत मी तिच्यावर जेवढी पाळत ठेवली तेवढी कुणी सख्ख्या माणसावर ठेवत नसेल.

आमचं गाव लोहाऱ्यापासून जीपनं अर्ध्या तासावर. घर एकच होतं, मधोमध भिंत घालून त्याची दोन झाली. भिंतीचं कारण सासूबाईंचं आजारपण. सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. मी गावातल्या अंगणवाडीची सेविका, आक्का घरी. आक्का म्हणजे माझी जाऊ. सासूबाईंचं सगळं तिनंच केलं. तेराव्याच्या दिवशी पाहुण्यांनी ओसरी भरलेली असताना ती मोठ्यानं म्हणाली, "आमच्या धाकलीनं दोन वर्सांत एकदा तरी म्हातारीचं अंथरूण बदललं का, इचारा तिला."

विचारलं कुणीच नाही. सगळ्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. मी उठून आत गेले. पुढच्या उन्हाळ्यात दोघा भावांनी गवंडी बोलावून भिंत घातली. नंतर माझे मालक गेले, तेव्हा आक्का आली, माझ्याशेजारी दोन तास बसली आणि न बोलता उठून गेली. चार वर्षांनी तिचे मालक गेले, तेव्हा मीही तसंच केलं. एवढाच काय तो व्यवहार.

भिंत एका विटेची आहे. पलीकडचं सगळं ऐकू येतं. आक्का पहाटे उठते, दोनदा खाकरते, बादली भरते, आणि साडेसातला भाकरी थापायला बसते. तिचा हात लई जोरात पडतो. मी चहा पीत मोजायची. तिचे मालक होते तेव्हा सात भाकरी, ते गेल्यावर तीन. दोन तिच्या आणि एक कुत्र्याची.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर तीनाच्या दोन झाल्या. मग एके दिवशी आवाजच आला नाही. मला वाटलं उपास असेल. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

मी निवृत्त झाले तरी नजर अंगणवाडीचीच राहिली आहे. सुपरवायझर बाई आम्हाला सांगायच्या, मूल रडतंय त्याची काळजी नंतर करा, जे रडायचं थांबलंय ते आधी बघा. मी बघायला लागले. आक्काच्या अंगणात कपडे वाळत घालायच्या दोन दोऱ्या आहेत, एक उंच आणि एक कमरेएवढी. साडी ती कायम उंच दोरीवर घालायची. आता उंच दोरी रिकामी, आणि खालच्या दोरीवर तीन-तीन दिवस तेच एक लुगडं. बादली भरल्याचा एकदम येणारा आवाज गेला. त्याऐवजी तांब्या तांब्यानं पाणी ओतल्याचा आवाज, मध्ये मध्ये थांबून. सकाळी ती ओट्यावर ऊन खात बसायची, तीही बसेना.

मी गिरणीत दळण घेऊन गेले तेव्हा गिरणीवाल्याला सहज विचारावं तसं विचारलं, "पलीकडचं दळण येतं का?"

तो म्हणाला, "आक्काचं? दसऱ्यापासून न्हाय की. मला वाटलं पुण्याला गेल्यात."

दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणाला, बिस्किटाचे पुडे आणि टोस्ट नेतात, शेजारची पोरं आणून देतात. माणूस टोस्टवर जगायला लागलं की काहीतरी बिनसलेलं असतं.

आता सांगायचं कुणाला? आक्काचा मुलगा, माझा पुतण्या, पुण्यात कंपनीत आहे. माझ्याकडं त्याचा नंबर होता, पण अठरा वर्षांत मी तो कधी लावला नव्हता. दहा-बारा दिवस मी तसेच काढले. ते दिवस मला अजून टोचतात, ते झाकून ठेवत नाही. मनात यायचं, मी सांगितलं तर म्हणतील, बघा, भिंतीला कान लावून बसते. आणि खरंच बसत होते. शेवटी एका दुपारी फोन केला.

"काकू?" त्याला आवाजच ओळखू येईना. "काय झालं?"

"तुझी आई जेवत न्हाय. भाकरी थापलेली दोन हप्ते ऐकली न्हाय मी."

"मी परवाच बोललो तिच्याशी. ठणठणीत आहे म्हणाली."

"फोनवर सगळेच ठणठणीत असतात. येऊन बघ."

मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, "त्यांना आत्ताच कसा पुळका आला?" पुतण्यानं फोनवर हात ठेवला असावा, पण उशिरा. मग म्हणाला, "काकू, सुट्टी मिळाली की येतो." आणि फोन ठेवला.

त्यानंतर पाचव्या दिवशी, सकाळी दहा-साडेदहाला, मी भाजी निवडत होते. पलीकडून आक्का बोलत होती. तिच्याकडं कुणी आलेलं नव्हतं, दार वाजल्याचा आवाज नव्हता. मी कान दिला. ती म्हणत होती, "आले, आत्याबाई, आले. जरा दम धरा. पाणी ठेवलंय तापाया."

आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई. त्यांना जाऊन अठरा वर्षं झाली होती.

मी निवडलेली भाजी तशीच टाकली, चप्पलसुद्धा घातली नाही. आक्काचं दार नुसतं लोटलेलं होतं.

आत ती लोखंडी खुर्चीवर बसली होती. खुर्चीवर वाकळ, पाठीला उशी, पायाखाली एक पाट. म्हणजे ती रात्री झोपतही तिथंच होती. घरात लघवीचा वास होता. टोस्टची पिशवी मांडीवर. पाण्याची घागर कोपऱ्यात भरलेली होती, आणि तिच्या झाकणावर धूळ होती. पेल्याला तर बुडाशी जाळं लागलं होतं. तोंड सुकून ओठाला चिरा पडलेल्या. लुगडं उलटं नेसलेलं.

तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "तू कशाला आलीस?"

मला बरं वाटलं, खरं सांगते. मला ओळखण्याइतकं आणि हाकलण्याइतकं डोकं जाग्यावर होतं. पण लगेच ती दाराकडं तोंड करून म्हणाली, "आत्याबाई, बघा, धाकली आली."

मी तिचा हात हातात घेतला आणि मनगटाच्या वर चिमटीत कातडी धरून सोडली. जुलाब झालेल्या पोरांच्या पोटाची कातडी अशी ओढून बघायला आम्हाला शिकवलं होतं. म्हाताऱ्या कातडीचं एवढं खरं धरता येत नाही, ते मला माहीत होतं. तरी माझी कातडी मी धरून सोडली ती लगेच खाली बसली, आणि तिची दुमडलेल्या कापडासारखी तशीच उभी राहिली. मी तिच्याच चुलीशेजारचे डबे धुंडाळून मीठ-साखरेचं पाणी केलं आणि चमच्यानं पाजायला लागले.

तिनं पहिला चमचा माझ्या अंगावर थुंकला.

"थुंका," मी म्हणाले. "दुसरा करते. मला आज काही काम न्हाय."

अठरा वर्षांनंतर मी तिच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. चौथा चमचा तिनं गिळला.

शेजारच्या दोघींनी हात दिला, तिचं लुगडं बदललं, आणि जीप सांगून मी तिला लोहाऱ्याला खासगी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. तपासलं, लघवी तपासायला दिली, सलाइन लावलं. मला म्हणाले, "लघवीचा संसर्ग आहे, आणि अंगात पाणी अजिबात नाही. या वयात त्यानं डोकं असं भरकटतं. दोन-तीन दिवसांत बघू. तुम्ही त्यांच्या कोण?"

"जाऊ."

"एकमेकींशी चांगलं बोलणं-चालणं असतं वाटतं," ते हसून म्हणाले. मी औषधांची चिठ्ठी मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या आणि त्याची बायको आले. आक्का त्याला त्याच्या वडिलांच्या नावानं हाक मारायला लागली आणि तो व्हरांड्यात येऊन रडला. मला तो लहानपणापासून माहीत आहे, वाईट पोरगा नाही. पण रडून झाल्यावर नवरा-बायकोनं तिथंच ठरवूनही टाकलं. आईचं डोकं गेलं, आता पुण्याला न्यायचं. त्यांच्या फ्लॅटमध्ये जागा नाही आणि दोघंही कामाला जातात, म्हणून अशा माणसांना ठेवतात त्या ठिकाणी ठेवायचं. सुनेनं मोबाइलवर फोटो दाखवले. पांढऱ्या चादरी, एका ओळीत खाटा.

"डॉक्टर म्हणाले दोन-तीन दिवस बघू," मी म्हणाले.

"काकू, ती आज्जीशी बोलत होती. तुम्हीच सांगितलंत."

"त्यांनी पाणी प्यायलं नव्हतं म्हणून."

"पाणी प्यायचं विसरली, म्हणजे तेच झालं ना?" सून म्हणाली.

तिचं बोलणं बरोबर वाटावं असंच होतं. पण मला त्या घागरीवरची धूळ आठवत होती. विसरणारं माणूस एखाद्या वेळी विसरतं, एखाद्या वेळी दोनदा पितं. ही तर एकदाही पीत नव्हती. त्यामागं काहीतरी ठरवणं होतं.

तिसऱ्या दिवशी आक्का शुद्धीत होती. तिनं मला आजचा वार विचारला आणि मी सांगितल्यावर म्हणाली, "मग आज बाजार आसंल." सून-मुलगा जेवायला गेले होते. मी खाटेशेजारी बसले आणि सरळ विचारलं.

"आक्का, पाणी का सोडलंत?"

तिनं छताकडं बघितलं. मग म्हणाली, "भादव्यात म्या पडले व्हते."

तिचा संडास परसात, घरापासून वीस-पंचवीस पावलं लांब. मध्ये तीन पायऱ्या, त्यांना धरायला काही नाही. भादव्यातल्या एका दुपारी ती शेवटच्या पायरीवरून घसरली आणि तिथंच पडून राहिली. कंबर उचलेना. हाक मारावी तर भिंतीपलीकडं मी. तिनं हाक मारली नाही. रांगत, हातावर सरकत ती घरात आली. हाड मोडलं नव्हतं, पण दुखणं वाढत गेलं आणि दिवाळीनंतर जमिनीवर बसलं की उठता येईना. म्हणून अंथरूण सोडून खुर्ची धरली. जमिनीवर बसता येत नाही म्हणून भाकरी गेली. आणि परसात जायची भीती बसली, म्हणून पाणी कमी केलं. आधी संध्याकाळचं, मग दुपारचं, मग जवळजवळ सगळंच.

"पाणी प्यालं न्हाय की जावं लागत न्हाय," ती म्हणाली. एखादी युक्ती सांगावी तसं.

"पोराला सांगायचं."

"सांगितलं आसतं तर नेलं आसतं त्येनं. तिथं नऊव्या मजल्यावर माझं कोण हाय?"

"मला हाक मारायची."

तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

पाचव्या दिवशी तिला घरी आणलं आणि त्याच दुपारी तिच्या ओसरीत बैठक बसली. पुतण्या, सून, सोलापूरहून आलेला माझा मुलगा आणि भावकीतले दोघं वडीलधारे. आक्का खुर्चीवर, भिंतीकडं तोंड करून. तिला कुणी काही विचारत नव्हतं. परवाची गाडी सांगू का, सामान किती न्यायचं, दाराला कुलूप कोण लावणार, असं चाललं होतं. माझ्या मुलानं मला आधीच बजावलं होतं, "आई, त्यांचा घरचा मामला आहे, तू मध्ये पडू नकोस."

मी मध्ये पडले.

"डोकं गेलेलं न्हाय," मी म्हणाले. "संडास लांब आहे. पायऱ्यांना कठडा न्हाय. जमिनीवरून उठता येत न्हाय. यातलं पुण्याला नेऊन बरं होणारं काय आहे ते सांगा. इथं करता येणार न्हाय असं काय आहे तेही सांगा."

"काकू, उद्या ती परत पडली तर?"

"पडतील. पुण्यातही पडतील."

"तिथं बघायला माणसं असतात."

"इथंही ठेवू."

सून पुढं सरकली. ती शांतपणे म्हणाली, "काकू, राग मानू नका. आज्जी अंथरुणावर होत्या तेव्हा तुम्ही काय केलंत ते आम्ही ऐकलंय. आता आईंचं तुम्ही ठरवणार?"

अठरा वर्षांपूर्वी याच जागी सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं होतं आणि मी उठून आत गेले होते. या खेपेला मी उठले नाही.

"न्हाय बदललं मी अंथरूण," मी म्हणाले. "एकदाही न्हाय. सकाळी मी अंगणवाडीत असायची हे खरं, पण संध्याकाळी घरीच होते. मला शिसारी यायची. दुसऱ्यांची पोरं धुतली, पण त्या खोलीच्या उंबऱ्यावरून मी मागं फिरायची. मी पगार आणत होते, ते पुढं करून मागं लपायची. सगळं या बाईनं केलं. दोन वर्षं. तिच्या कमरेचं हे त्या वेळपासूनचं आहे. म्हणून सांगते. ती मरत न्हाय, वेडी झाली न्हाय. तिची कंबर गेलीय. तिला तिच्या घरात राहू द्या."

आक्कानं मान वळवली नाही. भावकीतले एक वडीलधारे खाकरले आणि त्यांनी तोडगा काढला. "मग सोपं हाय. मधली भिंत पाडा. दोन्ही बाया एका जागी ऱ्हातील. धाकलीचा संडास घराला लागून हाय. धाकली बघंल थोरलीचं. घरचंच माणूस."

पुतण्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा सुटल्यासारखं दिसलं. माझा मुलगाही मान डोलवायला लागला. सगळ्या पुरुषांना ते एकदम पसंत पडलं. त्यात कुणालाच काही करावं लागणार नव्हतं.

"न्हाय," मी म्हणाले.

आणि त्याच वेळी खुर्चीवरून आवाज आला, "न्हाय."

आक्का आता वळली होती. "भित पाडायची न्हाय. मला हिचं तोंड रोज सकाळी बघायचं न्हाय. आन् हिच्याकडनं म्या करून घ्यायची न्हाय."

"मी करणारही न्हाय," मी म्हणाले. "माझं वय सहासष्ट. माझा एक गुडघा गेलाय. घरात बाई आहे म्हटलं की तिच्या अंगावर टाकून मोकळं व्हायचं, तेच सासूबाईंच्या वेळी केलं, त्यात ही मोडली. आता मला मोडायची का? पगार देऊन बाई ठेवायची. गवंडी लावायचा. लेकानं महिन्यातून एकदा यायचं, फोनवर न्हाय, इथं. मी लक्ष ठेवीन. ते मला येतं."

"लोक काय म्हणतील, शेजारी सख्खी जाऊ असताना बाई ठेवली," माझा मुलगा पुटपुटला.

"मला विचारलं तर मी सांगेन काय म्हणायचं ते."

पुतण्या आईकडं बघून म्हणाला, "तुझं काय म्हणणं आहे, आई?" त्या बैठकीत तिला विचारलेला तो पहिला प्रश्न.

"म्या हितंच ऱ्हाणार," ती म्हणाली. "आन् मला चहा द्या कुणीतरी. मघाधरनं नुसतं बोलतायत."

पुतण्यानं दोन महिने बघू म्हणून कबूल केलं. तोंडानं कबूल केलं, मनातून नाही, पण मला तेवढं पुरेसं होतं.

संडास घरात घ्यायचा तर जागा एकच होती, आतल्या खोलीचा कोपरा. त्याच भिंतीला लागून देव्हारा. गवंडी मोजमाप घेऊन थांबला. सून म्हणाली, देवाच्या भिंतीला संडास कसा चालेल. भावकीनंही तेच म्हटलं. मी तयारीनं उभी राहिले, पण मला बोलावंच लागलं नाही. आक्का म्हणाली, "देव तिकडच्या खोलीत न्या. त्यास्नी काय घाईची लागत न्हाय. मला लागते." गवंडी हसला तर त्याच्यावरही डाफरली.

खुर्चीसारखा संडास बसवला. शेजारी लोखंडी पाइपाचा कठडा, खोलीच्या दारापासून थेट आतपर्यंत. परसातल्या पायऱ्या फोडून उतार केला. चुलीजागी ओटा घेतला आणि शेगडी त्यावर चढवली. हे सगळं नऊ दिवसांत झालं. नऊ दिवसांचं काम होतं, आणि त्यासाठी आम्ही एका जिवंत बाईला वेडी ठरवून खाटांच्या ओळीत झोपवायला निघालो होतो. याचा मला अजून राग येतो.

बाई मीच शोधली. माझ्या अंगणवाडीत जी मदतनीस होती, तिची धाकटी बहीण. खालच्या मशिदीच्या गल्लीत राहते, चाळिशीची, सासऱ्यांचं आजारपण तिनं सहा वर्षं काढलेलं. माणसाला उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यात वाकायचं, हे तिला कुणी न शिकवता येतं. सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी दोन तास. पहिल्याच दिवशी आक्का आंघोळीला नाही म्हणून बसली. ती म्हणाली, "अम्मा, आज नक्को तो नक्को. लेकिन पानी गरम किया मैं, थंडा हुआ तो तुम्हीच ओरडणार." आक्का पाण्याकडं बघत राहिली आणि मग कठडा धरून उठली.

भावकीत कुजबुज झाली. एक बाई मुद्दाम आक्काकडं येऊन बसली आणि म्हणाली, "तिच्या हातची भाकरी खाता व्हय तुमी?" मी पलीकडून ऐकत होते.

आक्का म्हणाली, "ती माझं आंग धुती, माझे पाय चोळती. तू उद्यापासनं येती का सात वाजता? येत आसशील तर तिला नगं म्हणून सांगते." ती बाई पुन्हा त्या विषयावर बोलली नाही.

पाण्याचं काम मी माझ्याकडं घेतलं. लिटरच्या दोन बाटल्यांवर खिळ्यानं रेघा ओढल्या, न्याहारीपर्यंत इथवर, जेवणापर्यंत इथवर. जुना वजनकाटा आणून दर पंधरा दिवसांनी तिला त्यावर उभी करते आणि वहीत लिहिते. तिला हे अजिबात आवडत नाही. "म्या काय कुपोषित पोर हाय का?" म्हणते. होती, मी सांगते. दिवाळीनंतर दवाखान्यात जे वजन भरलं होतं त्यापेक्षा आता साडेचार किलो जास्त आहे.

आम्ही मैत्रिणी झालो असं कुणी समजू नये. मी रेघ बघायला जाते, उभ्या उभ्या दोन वाक्यं बोलते आणि परत येते. त्यातलं एक वाक्य बहुतेक भांडणाचं असतं. एकदाच ती त्या जुन्या गोष्टीजवळ आली. मी बाटली हातात घेऊन उभी होते. ती म्हणाली, "मला वाटायचं तुला नुसता गर्व. शिसारी येती म्हणून तवाच सांगायचं व्हतंस. मलाबी यायची की."

"मग तुम्ही कसं केलंत?"

"कसं म्हंजे? नाकाला पदर लावून." मग बाटलीकडं बोट करून, "पाणी संपलं बाटलीतलं. भरून ठेव."

उन्हाळ्यात पुतण्या पुन्हा आला आणि म्हणाला, आठ दिवस तरी चल, नातवंडं आठवण काढतात. आक्का गेली. मी अडवलं नाही, ते तिचं ती ठरवणार. पण जाण्याआधी मी सुनेला फोन करून सगळं सांगितलं. किती वाजता किती पाणी, कमोडला धरायला काय आहे, रात्री दिवा कुठं ठेवायचा. सुनेनं लिहून घेतलं. तिनं तिकडं आंघोळीच्या खोलीत दोन कठडे बसवून घेतले, हे मला नंतर कळलं. त्याबद्दल मी तिला चांगलं म्हणते. मी कुणाचं देणं लागत नाही, पण चांगल्याला चांगलं म्हणायला काय जातं.

नवव्या दिवशी पुतण्यानं तिला एसटीत बसवलं, आणि मी अन् ती कामाची बाई जळकोटला हायवेवर जीप घेऊन उभ्या राहिलो. गाडी थांबली. कंडक्टरनं हात दिला, तो तिनं घेतला नाही. दाराचा दांडा दोन्ही हातांनी धरून, पाठमोरी होऊन, एक-एक पायरी ती उतरली. मागं प्रवासी खोळंबले होते. कुणीतरी "चला, आज्जी" म्हणालं. ती वळून म्हणाली, "तुला घाई आसंल तर मागच्या गाडीनं यायचं."

जीपमध्ये मी विचारलं, "कसं होतं तिकडं?"

"चांगलं व्हतं. लिफ्ट हाय." मग म्हणाली, "पोरं चांगली हायत. पण दिवसभर दार लावून बसायचं. तुझा आवाजसुदीक न्हाय."

ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. पुढं काय होईल ते मला माहीत नाही असं नाही. डोकं खरंच जाईल, किंवा कंबर पुरती जाईल, किंवा मीच आधी पडेन. माझा मुलगा परवा फोनवर म्हणाला, "आई, तुम्ही दोघी असं किती दिवस रेटणार?" मी त्याला म्हणाले, "जेवढे दिवस रेटता येईल तेवढे. आणि थांबायचं कधी ते आम्हाला विचारून ठरवायचं. खोलीत आम्ही बसलेल्या असताना, आमच्या डोक्यावरून बोलायचं न्हाय."

मग त्यानं विचारलं, त्याच्या सासऱ्यांच्या घरी कठडा बसवायचा आहे, आमच्या गवंड्याचा नंबर आहे का. मी दिला. पाइप किती इंची घ्यायचा आणि जमिनीपासून किती उंच लावायचा, तेही सांगितलं.